थोरली, धाकटी आणि मागची सीट

प्रिय आई,

आधी माझा कान धर, मग पुढे वाच. पत्र लिहिते, पत्र लिहिते असं तुला फोनवर सांगून किती दिवस उलटले ते मोजायला जाऊ नकोस. रोज कागद काढते, वर तुझं नाव घालते आणि मग बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवतं, नाहीतर पेन सापडत नाही, नाहीतर पेन सापडतं पण कागदावर मांजर बसलेलं असतं. हे मांजर आमच्या दुकानाचं. गाडी भाड्यानं फिरून परत आली की इंजिनाच्या उबेला जाऊन झोपतं. त्यामुळे त्याच्या अंगाला कायम तेलाचा वास येतो आणि माझ्या अंगाला मांजराचा. बघ, नमनाला घडाभर तेल झालंच.

खरं सांगू का, मांजराचा यात काही दोष नाही. लिहायचं जिवावर आलं होतं. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हटलं तर बाबा शेजारी कान देऊन बसलेले असतात आणि तू हौसेनं स्पीकर लावतेस. एकदा मनात आलं, पत्रच बरं, ते काही बाबांना वाचता यायचं नाही. असं मनात आलं आणि माझी मलाच इतकी लाज वाटली, की तो कागद मी फाडूनच टाकला. पण दुसरा मार्ग नाही. तेव्हा हे मनातल्या मनात वाच. विचारलंच त्यांनी, तर सांग, पोरीचं नेहमीचंच आहे, अक्षर लागत नाही. हे तर खोटंही नाही.

मी अजून त्याच गावात आहे. दचकलीस ना? पायाला भिंगरी म्हणून तू मला भिंगरी म्हणतेस, आणि ही भिंगरी एकाच ठिकाणी चांगली टिकली आहे. बोटी रंगवायच्या कामावरून उठले, फळांच्या पेट्या भरायच्या कामावरून उठले, तशी इथूनही उठले असते. पण या दुकानात फिरायला आलेल्या लोकांना मोटरसायकली भाड्यानं देतात, आणि संध्याकाळी त्या धुऊन-पुसून चालवून बघणं हे माझं काम. याला काम म्हणायचं म्हणजे मांजराला उंदराची राखण करायचा पगार देण्यासारखं आहे. मालकीणबाई आधी ट्रक चालवायच्या. दंड माझ्या मांडीएवढे, आवाज त्या ट्रकचाच. मला त्या ‘उलटे’ म्हणतात. ‘ए उलटे, ती चेन बघ गं!’

हे नाव पहिल्याच दिवशी पडलं, आणि ते बाबांमुळे. मी गाडी शिकले ती आपल्या म्हातारीवर, बाबांच्या त्या जुन्या मोटरसायकलवर, आणि जुन्या विलायती गाड्यांचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. बाकी सगळ्या जगाच्या गाड्यांचं याच्या बरोबर उलट. इतकी वर्षं इकडच्या तिकडच्या गाड्या चालवून मला वाटलं होतं, पाय सुधारला. पण मालकीणबाई समोर हाताची घडी घालून उभ्या, माझी परीक्षा चाललेली, आणि समोरून एक बदक रस्त्यात आलं. घाबरला की माणूस आईच्या भाषेत ओरडतो, तसा माझा पाय बापाच्या भाषेत ओरडला. डावा पाय दाबला. तिथं गिअर! गाडीनं हिसका दिला आणि मी थेट समोरच्या लॉन्ड्रीच्या वाळत घातलेल्या चादरींत. बदक सुखरूप. मालकीणबाईंनी चादरीतून मला सोडवलं आणि विचारलं, ‘तुला गाडी कुणी शिकवली गं? आरशात बघून शिकलीस का?’ मी म्हटलं, ‘बाबांनी.’ त्या इतक्या हसल्या, म्हणाल्या, ‘अजून चालवतात का ते तसली गाडी?’ मी चादरींच्या घड्या घालत राहिले. त्या ओल्या होत्या, तरीही.

म्हातारी विकल्याचं तू मला फोनवर एका वाक्यात सांगितलंस. पुढच्या वाक्यात म्हणालीस, आता बाबा गॅलरीतच बसतात. एवढंच. पण आई, ज्या माणसानं जन्मभर दारोदार जाऊन विजेचे मीटर वाचले, ज्याला गावातलं प्रत्येक कुत्रं नावानं ओळखतं, तो माणूस गॅलरीत बसतो म्हणजे काय, ते मला इथं बसून दिसतं. गेल्या वेळी घरी आले तेव्हा बाबा माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघत होते. मला वाटलं कानातलं आवडलं नसेल. मग तू स्वयंपाकघरात नेऊन सांगितलंस, की त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आलाय आणि तो वाढतोय, फक्त कडा शाबूत आहेत, म्हणून तोंड बघायचं असलं की ते कानाकडे बघतात. त्या दिवशी मी कानातलं काढलंच नाही.

तर आता मुद्द्यावर येते. दुकानात दोन गाड्या आहेत. हंगाम संपला की यातली एक तू ने, असं मालकीणबाई म्हणाल्यात. दोन्हींच्या टाकीवर जुन्या विलायती घराण्यांची नावं, गोल दिवा, गोल आरसे, बसकी सीट. पण दोघीही अगदी कालपरवाच्या. नातीनं आजीचा चष्मा लावून ऐटीत बसावं तशा. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. थोरली जड, गर्द हिरवी, इंजिन वाऱ्यानं गार होणारं. ती धप धप करत जाते, प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. धाकटी काळी, कमरेत बारीक, इंजिन पाण्यानं गार होणारं. मूठ पिळली की पिळायच्या आतच पुढे गेलेली असते. थोरलीला चढावर ‘चल गं बाई’ म्हणावं लागतं. धाकटीला उतारावर ‘थांब गं बाई’. थोरली सुरू झाली की तळपायाला मुंग्या येतात आणि आरशातला माणूस थरथरतो. धाकटीच्या आरशात तो ओळखू येतो. वळणावर धाकटी नुसत्या मनात आणलं की झुकते, थोरलीला आधी कळवावं लागतं. मला विचारशील तर एका क्षणात धाकटी. तिच्यावर बसलं की पुढचं गाव, त्याच्या पुढचं गाव, असंच वाटत राहतं.

पण ही गाडी मला एकटीला न्यायची नाही. तुझ्या लक्षात आलंच असेल. मला बाबांना मागे बसवून बाहेर काढायचं आहे. रोज. आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीपर्यंत का होईना. आणि बाबा कुणाच्या मागे बसत नाहीत.

मामानं मला फोन करून त्याची गंमत सांगितली होती. गंमत म्हणूनच सांगितली, मामा तो. डोळे तपासायला न्यायचं म्हणून तो स्कूटर घेऊन दारात आला. बाबा खाली आले, स्कूटरकडे, म्हणजे स्कूटरच्या शेजारी कुठेतरी बघितलं आणि म्हणाले, ‘तू हो पुढे, मी आलोच पाय मोकळे करत.’ मामा कसला पुढे होतोय! तो स्कूटर बाबांच्या चालीनं चालवत, दोन्ही पाय जमिनीला घासत, दवाखान्यापर्यंत शेजारून गेला. वाटेत दोघांनी विचारलं, पेट्रोल संपलं का, ढकलू का. बाबा म्हणाले, ‘नको, नको, त्याला सवय लावतोय चालायची.’ मामा हसून हसून सांगत होता. मीही हसले. फोन ठेवेपर्यंत.

ते असं का करतात, ते आपल्या दोघींनाच माहीत आहे. गाडी सुरू करायच्या आधी ते तुला विचारायचे, आठवतं का? ‘सामान नीट बसलंय ना?’ आणि तू मागून म्हणायचीस, ‘सामानाला तोंड आहे हं!’ रोजची थट्टा. पण त्यांच्या लेखी गाडीवर एकच माणूस असतो, हँडल धरलेला. त्याच्या मागे असतं ते सामान. आता स्वतः सामान व्हायचं, आणि तेही ज्या पोरीला सायकलचा दांडा धरून शिकवलं तिच्या मागचं सामान. कसं व्हायचं त्यांच्यानं? म्हणून मी ठरवलं, की दोन्ही गाड्यांची परीक्षा मागच्या सीटवर बसून करायची. चालवायला मालकीणबाई. त्या म्हणाल्या, ‘जन्मात कुणी गाडी मागं बसून घेतली नाही, उलटे, तू खरंच उलटी आहेस.’ पण आल्या.

पहिल्यांदा मी थोरलीवर डोळे गच्च मिटून बसले. मला वाटलं, बाबांना दिसत नाही ना, मग असंच. आई गं, पुलापर्यंत जाता जाता मी मालकीणबाईंचं जॅकेट घामानं भिजवलं. चढ कधी, खड्डा कधी, काही कळेना. लाकडाच्या वखारीचा वास आला, पावाच्या भट्टीची ऊब गालाला लागली, तेवढ्यापुरतं कळलं की अजून इथल्याच गावात आहोत. एक मात्र कळलं. थोरली काही करायच्या आधी बोलते. थांबायची असली की आवाज खाली येतो, ठोके लांबतात, मग थांबते. धाकटी काही सांगत नाही. ब्रेक लागला की माझं हेल्मेट मालकीणबाईंच्या हेल्मेटवर टण्णकन. तीनदा झालं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आत कुणी आहे का बघतेस?’

पण खरी चूक मला दुसऱ्या दिवशी गाडी पुसताना कळली. बाबांचे डोळे मिटलेले कुठं आहेत? मधोमध डाग आहे. मग मी हेल्मेटच्या काचेवर दोन्ही डोळ्यांसमोर काळ्या चिकटपट्टीचे गोल लावले, कडा मोकळ्या ठेवल्या, आणि तशी मागे बसले. लॉन्ड्रीवाला दारात उभा राहून बघत होता, त्यानं चादरी आत घेतल्या. आम्ही निघालो. आणि आई, आता मी जे सांगते ते नीट वाच, हवं तर परत वाच. थोरलीवर मला काही म्हणजे काही कमी पडलं नाही. कारण तिची मागची सीट पुढच्या सीटला जवळजवळ लागून, एका पातळीवर. मागे बसलं की समोर असते ती चालवणाऱ्याची पाठ. रस्ता कधी दिसतच नाही. त्या पट्टीनं जे झाकलं, ते मालकीणबाईंच्या पाठीनं आधीच झाकलेलं होतं. आणि कडेला सगळं होतं. कुंपणं, दारं, जिन्यावर बसून बूट घालणारा एक माणूस, खिडकीत वाळत टाकलेली गादी, पुलाच्या कठड्यामागून सरकणारं पाणी. थोरलीच्या चालीनं ते सगळं सावकाश येत होतं आणि बघून झाल्यावर जात होतं.

धाकटीची मागची सीट उंच. मालकीणबाईंच्या डोक्यावरून समोर बघायला मिळावं म्हणून तशी केली असणार, आणि ज्याला समोर दिसतं त्याला ती आवडेलच. मला मात्र तिथं ती पट्टी नको नको झाली, कारण तिच्यामागे रस्ता होता हे मला कळत होतं. आणि कडेच्या गोष्टी इतक्या झरझर जातात, की दारं कुठली आणि माणसं कुठली, नुसत्या रेघा.

इथंही एक पाण्याची टाकी आहे, तिथं आम्ही थांबलो. मी हेल्मेट काढलं आणि मला तू आठवलीस. बाबांच्या मागे बसून तू किती वर्षं फिरलीस, आणि घरी आल्यावर सगळ्या बातम्या तुझ्याकडे असायच्या. कुणी दाराला निळा रंग दिला, शिंप्याच्या दुकानात नवीन कापड आलं, कोपऱ्यावरच्या बाईंचं पोट दिसायला लागलं. बाबा म्हणायचे, ‘मी तिथूनच आलो, मला कसं नाही दिसलं?’ तू म्हणायचीस, ‘तुम्ही खड्डे बघत होतात.’ आई, तू कधीच सामान नव्हतीस. गाव तू बघितलंस. बाबांनी नुसता रस्ता बघितला. आणि आता त्यांच्या डोळ्यांत जे उरलंय, ते नेमकं मागच्या सीटवर बसणाऱ्याला लागतं तेवढंच आहे.

मी टाकीच्या कट्ट्यावर बसून रडले. मालकीणबाईंनी खिशातून अर्धं बिस्कीट काढून दिलं. त्याला तंबाखूचा वास होता.

तर थोरली आणायची ठरवलीय. धाकटीकडे दोन दिवस बघितलं नाही, तिला पुसायचं कामही टाळलं. आता ठीक आहे. तुला खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. धाकटी घेतली असती तर मी इथून पुढे निघाले असते, आणि थोरली घेतली म्हणजे घरी यायचं, आणि थोड्या दिवसांसाठी यायचं नाही, हे मला कळतंय. मी अजून हे मोठ्यानं कुणाला बोलले नाही. तुलाच पहिल्यांदा. माझी खोली रिकामी आहे ना? का तिथं तुझं शिवणयंत्र गेलंय? गेलं असेल तर राहू दे, मी त्याच्या शेजारी झोपेन. तुझं यंत्र चालू असलं की मला झोप छान लागते.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते एवढंच. गाडी मी आणेन, चालवेन, पाय उलटा पडणार नाही याची सवय करून घेतलीय, बदकाची शपथ. पण बाबांना मागे बसायला मी नाही शिकवू शकत. मी सांगितलं तर ते थट्टा करतील आणि पाय मोकळे करत निघून जातील. ते तूच शिकवायचंस. हात कुठं ठेवायचा, वळणावर अंग कधी सैल सोडायचं, ब्रेक लागणार हे पाठीवरून कसं ओळखायचं, न घाबरता मान बाजूला वळवून कसं बघत राहायचं. इतकी वर्षं तू हे केलंस आणि आम्ही कुणी तुला कधी विचारलं नाही, की तू कसं करतेस. आता विचारते. आणि माझं नाव काढू नकोस. तुलाच सुचलं म्हण. पट्टीचं सांगितलंस तरी चालेल, ते त्यांना आवडेल, त्यांना असल्या खटपटी आवडतात. फक्त जबरदस्ती नको. नाहीच म्हणाले तर मी थोरली त्यांच्या चालीनं, पाय घासत, शेजारून चालवीन. मामाला जमलं, तर मला का नाही?

आई, थांब. खाली मालकीणबाई ओरडतायत, ‘उलटे, गिऱ्हाईक आलंय, स्वतःची गाडी घेऊन आलंय, काय करू?’ मी खिडकीतून वाकून बघतेय आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही. मामाची स्कूटर आहे. पण मामा नाही. पुढे तू आहेस. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट, हात हँडलवर ताठ, अंगभर धूळ, आणि लॉन्ड्रीवाल्याला तू माझं नाव सांगून विचारतेयस की हेच का दुकान. तू हे कधी शिकलीस? मला एका शब्दानं बोलली नाहीस! आणि तुझ्या मागे बाबा. त्यांचा एक हात तुझ्या खांद्यावर आहे. स्कूटर थांबलीय तरी ते उतरलेले नाहीत. मान बाजूला वळवून समोरच्या वाळत्या चादरी बघतायत, आणि तुला काहीतरी सांगतायत, आणि तू हसतेयस. मी खाली येते.

तुझीच,
भिंगरी